गावाकडं घर बांधायचंय? ग्रामपंचायत हद्दीत बांधकाम परवानगी कशी काढायची, पहिल्या कागदापासून नमुना ८ पर्यंत

गावाकडं घर बांधायचं ठरलं की घरात पहिली चर्चा काय होते तर खोल्या किती, देवघर कुठल्या कोपऱ्यात, जिना आतून की बाहेरून. मग गवंडी ठरतो, विटांचा भाव काढला जातो आणि परवानगीचा विषय कुणीतरी सगळ्यात शेवटी काढतं, "त्याचं काय एवढं, ग्रामसेवकाला सांगू, दाखला देतील." आमच्याकडं पण हेच झालं. चुलतभावानं डांबरी रस्त्याकडच्या शेतात जोत्यापर्यंत काम आणलं, ग्रामपंचायतीचा दाखला हातात होता, आणि होम लोनसाठी बँकेत गेला तर बँकेच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, जागा गावठाणात आहे का बाहेर? जागा बाहेर होती. मग तो दाखला त्या जमिनीसाठी चालतच नव्हता, कर्ज अडकलं, अख्खा पावसाळा जोता उघडा पडला आणि कॉलमच्या सळया गंजून लाल झाल्या. पुढं सगळे कागद मी स्वतः फिरून केले, नंतर आमच्या घराचे केले, गावातल्या आणखी तीन-चार जणांना मदत केली. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाबद्दल आहे, नगरपालिका-महानगरपालिकेचं वेगळं असतं.

सगळ्यात आधी: जागा गावठाणात आहे का बाहेर

यावरच पुढचं सगळं ठरतं, म्हणून हे झाल्याशिवाय आर्किटेक्टकडं पण जाऊ नका.

गावठाण म्हणजे महसूल रेकॉर्डला राहण्यासाठी म्हणून आखलेला गावाचा भाग. ग्रामपंचायतीची हद्द वेगळी आणि गावठाणाची हद्द वेगळी, लोक इथंच फसतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत अख्ख्या गावाची शेती येते, पण घर बांधायची परवानगी द्यायचा ग्रामपंचायतीचा अधिकार, म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२, हा मुळात गावठाणातल्या बांधकामासाठी आहे. गावठाणाच्या बाहेर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ लागतो, त्याच्या कलम १८ प्रमाणं परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची असते, हे काम बऱ्याच ठिकाणी प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडं सोपवलेलं असतं आणि नकाशाची तांत्रिक तपासणी नगररचना विभाग करतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे तुमचं गाव पुण्याजवळ पीएमआरडीए, नागपूरजवळ एनएमआरडीए, पनवेल-उरण बाजूला नैना अशा एखाद्या प्राधिकरणात आलेलं असेल तर गावठाणाबाहेरच्या प्लॉटची फाईल थेट त्या प्राधिकरणाकडं जाते.

आता आपली जागा कशात आहे हे कसं ओळखायचं? ढोबळ खूण अशी की जागेला सातबारा आणि गट नंबर असेल तर ती बहुतेक गावठाणाबाहेर, आणि सातबाराच नाही, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असेल तर गावठाणात. पण खुणेवर थांबू नका. तलाठी कार्यालयात गावाचा नकाशा असतो, त्यात गावठाण वेगळं दाखवलेलं असतं, त्यावर आपला गट बोट ठेवून बघा. वाढीव गावठाण झालं असेल तर त्याचा आदेश मागा, कारण "आमचं वाढीव गावठाण आहे" असं गावात सगळेच म्हणतात आणि आदेश कुणाकडंच नसतो. (तलाठ्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी, पाटी नवी दिसली तरी माणूस तोच आहे. मी जुनीच नावं वापरतोय.)

गावठाणाबाहेर असाल तर अजून एक कागद काढा, झोन दाखला. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात गट नंबर घालून अर्ज केला की प्रादेशिक योजनेत तुमचा गट कुठल्या झोनला आहे हे लेखी मिळतं. रहिवास झोन असेल तर रस्ता सोपा. शेती झोन किंवा ना-विकास असेल तर साधं घर किंवा प्लॉटिंग होत नाही, तिथं शेतघराचा वगैरे विचार करावा लागतो, ते खाली सांगतो.

कागद वाचायला शिका, नुसते गोळा करू नका

सातबारा महाभूमीच्या साईटवरून डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो, तो सरकारी कामाला चालतो. फुकटचा जो दिसतो तो फक्त माहितीसाठी.

सातबारा हातात आला की चार गोष्टी बघा. पहिली म्हणजे भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २. वर्ग १ म्हणजे आपली मोकळी मालकी. वर्ग २ म्हणजे वतन, इनाम, सरकारनं वाटप केलेली असली काहीतरी शर्त लागलेली जमीन, तिथं सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि नजराणा म्हणजे सरकारला द्यायची ठरलेली रक्कम भरल्याशिवाय घराकडं वळता येत नाही. दुसरी गोष्ट, नावं. आमच्या सातबाऱ्यावर आजी वारून बारा वर्षं झाली तरी आजीचंच नाव होतं. अशा वेळी आधी वारस नोंद, त्याचा फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. यात महिना-दीड महिना धरून चला. तिसरी, इतर हक्काचा रकाना. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचा हक्क, कोर्टाचा दावा हे सगळं तिथं असतं, कर्ज फिटलेलं असेल तरी बोजा कमी केल्याची नोंद झालेली नसते, सोसायटीचा निल दाखला देऊन तो आधी कमी करून घ्या. चौथी गोष्ट, क्षेत्र. ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, ०.०३.०० म्हणजे तीन आर म्हणजे ३०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आर आणि गुंठा जवळजवळ सारखे पण एकच नव्हेत, खरेदीखतात गुंठे आणि सातबाऱ्यावर आर असं असलं की नकाशात दोन-चार फुटांचा घोळ निघतो आणि फाईल परत येते.

सामाईक सातबारा असेल तर मात्र थांबा. तीन भावांच्या नावावर एकत्र एक एकर आहे आणि मधला भाऊ "माझ्या वाटणीच्या तुकड्यात" घर बांधतोय, पण वाटणी तोंडी आहे. ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी केस आहे. सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र तरी घ्या नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणं तहसीलदारांकडून वाटप करून पोटहिस्सा पाडून घ्या. मी म्हणेन वाटपच करा. संमतीपत्र आज दादा देतो, उद्या दादाचा मुलगा म्हणतो मला माहितीच नाही. आणि बहिणींना विचारा, मनापासून विचारा, सही घेण्यापुरतं नको.

गावठाणात असाल तर नमुना ८ बद्दल एक गैरसमज दूर करून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. आणि तलाठ्याकडचा ८अ हा पूर्ण वेगळा कागद, तो शेतीच्या खात्याचा उतारा, अर्जात "आठ" म्हटलंय म्हणून लोक ८अ जोडतात आणि हेलपाटा पडतो. गावठाणातल्या जागेला खरा भक्कम कागद म्हणजे मिळकत पत्रिका. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजली गेली आणि घरोघर मिळकत पत्रिका व सनद द्यायचं काम झालंय, तुमच्या गावचं झालं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून ती काढा. नाव, क्षेत्र, चतु:सीमा तपासा. आमच्या शेजारच्या काकूंच्या कार्डावर परसातली न्हाणीची जागा दुसऱ्याच्या नावे लागली होती, वेळेत हरकत घेतली म्हणून दुरुस्त झाली.

आणि गायरान किंवा सरकारी जागेवर घर बांधायचा विचार असेल तर तो सोडून द्या. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलंय आणि त्यानंतर महाराष्ट्रातही धोरण कडक झालं. ग्रामपंचायतीनं घरपट्टी लावली, लाईटचं मीटर मिळालं तरी ती जागा आपली होत नाही.

मोजणी

हा खर्च वाचवू नका, एवढंच कळकळीनं सांगतो. तालुक्याला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात अर्ज करायचा, आता ऑनलाइन होतो, नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी त्याप्रमाणं. तारीख आली की लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटिसा जातात. त्या दिवशी शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः पण आदल्या संध्याकाळी जाऊन सांगा, "उद्या मोजणी आहे, या तुम्ही पण", कारण नोटीस पोचली नाही म्हणून कुणी अडवलं की पुढची तारीख कधी लागेल ते सांगता येत नाही.

आमच्या मोजणीला भूकरमापक साहेब सकाळी नऊला रोव्हर घेऊन आले, काठीवर बसवलेलं ते यंत्र एकेका कोपऱ्यावर धरायचं, थोडं थांबायचं, पुढं जायचं. वडील मागून चुना आणि खुंट्या घेऊन. आम्ही तीस वर्षं ज्या बाभळीला बांध समजत होतो ती बाभळ आमच्या हद्दीच्या साडेचार फूट पलीकडं निघाली. म्हणजे पलीकडच्या अण्णांच्या शेतात. आम्ही आखलेली मागची भिंत तिथंच येणार होती. खुंट्या मारल्यावर अण्णा आणि वडील दोघं बांधावर बसून चहा प्यायले, तिथंच दगड रोवून घेतले. भिंत उभी राहिल्यावर हे निघालं असतं तर चहा झाला नसता.

मोजणीनंतर जो नकाशा मिळतो त्याला क प्रत म्हणतात. परवानगीच्या फाईलला हीच लागते. बांधकामाचा नकाशा या क प्रतीच्या मापांवरच काढायला लावा, आर्किटेक्टनं टेप लावून घेतलेल्या मापांवर नको.

एनए लागतं का

एनए म्हणजे शेतजमीन अकृषिक करायची परवानगी. लोकांच्या डोक्यात अजून जुना एनए बसलाय, जिल्हाधिकारी कार्यालय, पंधरा विभागांचे ना-हरकत दाखले, दोन वर्षं. आता तसं राहिलेलं नाही. जमीन महसूल संहितेत ४२अ, ४२ब, ४२क, ४२ड अशी कलमं घातली गेली आणि बऱ्याच जमिनींना वेगळी अकृषिक परवानगी लागेनाशी झाली. गावाकडच्या माणसाच्या सगळ्यात कामाचं ४२ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेली जमीन रहिवासासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं, रूपांतरणाची रक्कम भरायची आणि तहसीलदारांकडून त्याचा कागद घ्यायचा. कर आणि सनदेची पद्धत सरकार सोपी करत चाललंय, म्हणून तहसीलच्या अकृषिक शाखेत जाऊन आज काय भरायचं ते विचारा, दोन वर्षांपूर्वी मित्रानं किती भरले त्यावर जाऊ नका. २०० मीटरमध्ये येतो याचा पुरावा मात्र लागतो, भूमी अभिलेखचा नकाशा किंवा दाखला, गुगल मॅपचा स्क्रीनशॉट चालत नाही. आणि वर्ग २ जमिनीला हे आपोआप लागू होत नाही, तिची परवानगी वेगळी.

२०० मीटरच्या बाहेर आणि शेती झोनला असाल तर शेतघर हा मार्ग राहतो. त्याला जमीन किमान ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर लागते आणि बांधकामावर क्षेत्राची मर्यादा आहे. "फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे, सातबारा नावावर" अशा जाहिराती रस्त्याकडेला लागतात ना, त्या बघून जागा घेतलेल्यांचे हाल मी बघितलेत. शेतीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडा कमीत कमी केवढा हवा ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं. त्याखालच्या तुकड्यांना सरकार अधूनमधून सवलती देत आलंय, पण तुकडा नावावर झाला म्हणजे त्यावर घराची परवानगी मिळाली असं नाही. आधी झोन दाखला बघा, मग बयाणा द्या.

जागेला काही आडवं येतंय का

हे नकाशा काढायच्या आधी बघायचं. रस्त्याकडेची जागा असेल तर रस्ता कुणाचा आहे ते विचारा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा का राष्ट्रीय महामार्ग. प्रत्येकाची इमारत रेषा, म्हणजे जिच्या अलीकडं बांधकाम येऊ द्यायचं नाही ती रेषा, वेगळी आणि ती रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, डांबराच्या कडेपासून नाही. महामार्गाला लागून असाल तर प्रवेशाची पण वेगळी परवानगी लागते.

नदीकाठ असेल तर पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा दाखला. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत घर नाही. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची, निळी आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळू शकते, जोता उंच वगैरे. कृष्णाकाठच्या, पंचगंगाकाठच्या माणसांना २०१९ नंतर हे समजावून सांगायची गरज नाही.

गावात किंवा जवळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित लेणं, किल्ला, मंदिर असेल तर १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरला आधी पुरातत्त्वची परवानगी. कोकणात समुद्र-खाडीकाठी सीआरझेड म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरानसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागात राज्याची साधी नियमावलीच चालत नाही, तिथले नियम निराळे. आणि वर बघा, विजेची मोठी लाईन जात असेल तर महावितरण किंवा महापारेषणकडून अंतर लेखी घ्या.

इंजिनिअर आणि नकाशा

आता राज्यभर एकच नियमावली आहे, २ डिसेंबर २०२० पासूनची, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, सगळे यूडीसीपीआरच म्हणतात. मुंबई, एमआयडीसी, नैना अशी काही ठिकाणं आणि वर सांगितलेले संवेदनशील भाग सोडून बाकीकडं ती लागते. समोर किती सोडायचं, बाजूला किती, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानानं एकूण बांधकाम किती, जिना-गच्ची कशात मोजायची, खोलीचा किमान आकार हे सगळं तिच्यात आहे. गावठाणाची दाट वस्ती आणि बाहेरचा मोकळा प्लॉट यांची अंतरं वेगवेगळी आहेत म्हणून शेजाऱ्यानं जेवढं सोडलं तेवढं आपण सोडू असं करू नका.

परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट घ्या, ज्याची नोंदणी चालू आहे असा, आणि नोंदणीचा कागद बघून घ्या. नुसता सही-शिक्का विकत देणारे असतात. त्यांनी दिलेल्या दाखल्यावर घर नियमात बसतं असं लिहिलेलं असतं, उद्या निघालं की बसत नाही तर नोटीस आपल्याला येते.

आणि हा माणूस फक्त फाईलसाठी नाहीये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी घरं पडली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर जड धाबं अशी होती, आणि तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा धरलेला होता. आपल्याकडं अजून "आमच्या भागात कुठं भूकंप होतो" म्हणून जोत्याची आणि लिंटेलची पट्टी गाळतात, चार कॉलम वाचवतात. पाटण, चिपळूण, कोयनेच्या आसपास तर ११ डिसेंबर १९६७ ची आठवण घराघरात आहे. इंजिनिअरकडून स्टीलचं डिटेलिंग वेगळ्या कागदावर घ्या आणि तो कागद गवंड्याच्या हातात द्या, ते पैसे वाया जात नाहीत.

नकाशात शौचालय, सेप्टिक टाकी, शोषखड्डा दाखवायचा आणि टाकी विहिरीपासून, बोअरपासून लांब ठेवायची, शेजाऱ्याची विहीर पण धरून.

अर्ज

गावठाणात असाल तर ग्रामीण भागासाठी २०२१ मध्ये चांगली सोय झाली. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत म्हणजे साधारण १६०० चौरस फूट असेल तर मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, नियमात बसतो असा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि ठरलेलं शुल्क एवढं ग्रामपंचायतीत जमा करायचं, पोच घ्यायची आणि काम सुरू करायचं. वेगळ्या परवानगीची वाट बघायची नाही. १५० ते ३०० म्हणजे साधारण ३२०० चौरस फुटांपर्यंत असेल तर हीच कागदं दिल्यावर ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. ३०० च्या वर गेलं की नगररचनाची परवानगी लागते. हे आकडे प्लॉटचे आहेत, घराच्या बांधकामाचे नाहीत, यात खूप जण चुकतात.

गावात सांगतील की मासिक सभा झाली नाही, ठराव व्हायचाय, सरपंच परगावी आहेत. तुम्ही एकच करायचं, अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का, सही घ्यायची. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, पोचपावतीसह. सगळी मुदत त्या तारखेपासून मोजतात. माझा स्वतःचा पहिला अर्ज असाच कपाटात तीन महिने पडून होता आणि माझ्याकडं पोचच नव्हती, त्यामुळं मला काही बोलता आलं नाही, दुसऱ्यांदा पोच घेतली तेव्हा अठरा दिवसांत कागद मिळाला.

गावठाणाबाहेर असाल तर फाईल ऑनलाइन जाते, राज्याची बांधकाम परवानगीची बीपीएमएस म्हणून प्रणाली आहे, इंजिनिअरच्या लॉगिननं नकाशा चढतो, शेरे पण तिथंच येतात. इथं इंजिनिअरला दर आठवड्याला फोन करा, "शेरा आलाय का?" कारण शेरा येऊन पडलेला असतो आणि आपण समजतो ऑफिसात अडकलंय. फाईलमध्ये साधारण हे असतं: सातबारा आणि ८अ, फेरफार, क प्रत, झोन दाखला, अकृषिकचा कागद, जागेला जाण्याच्या रस्त्याचा पुरावा, वर सांगितलेल्यांपैकी लागू असतील ते दाखले, नकाशा, इंजिनिअरचं नेमणूक पत्र, प्रतिज्ञापत्र. रस्त्याचा पुरावा लोक विसरतात. सातबाऱ्यावर किंवा नकाशावर रस्ता नसेल आणि तुम्ही शेजाऱ्याच्या बांधावरून जात असाल तर आधी रस्त्याची नोंद करून घ्या, नाहीतर फाईल तिथंच थांबते. आणि सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क माफ आहे, कुणी ५०० चा स्टॅम्प आणायला सांगितलं तर हे नम्रपणे सांगा.

कागद पूर्ण असतील आणि ६० दिवसांत मंजुरी पण नाही नकार पण नाही तर नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरायची, तरतूद आहे. पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच, त्यामुळं तिच्या भरवशावर घाईनं खोदाई करू नका, आधी लेखी पत्र द्या की मुदत संपली आहे. नकार मिळाला तर कारणासह लेखी मागा. फाईल कुठं आहे हे कळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आहेच, दहा रुपयांचा अर्ज, आणि लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ती सेवा येत असेल तर अपील पण करता येतं. गावात मी आधी जाऊन बोलतो, अर्ज नंतर करतो. बोलण्यानं बरंच होतं.

पैसे

विकास शुल्क, छाननी फी, आणि कामगार कल्याण उपकर. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो, पण स्वतःला राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाखांची होती). जे भराल त्याची पावती घ्या, पावती नाही ते पैसे देऊ नका. पंतप्रधान आवास ग्रामीणचं घरकुल असेल तर पंचायत समितीतून हप्ते येतात, जोता, छत अशा टप्प्यांचे फोटो चढवावे लागतात, जागा स्वतःच्या नावाची नसेल तर जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, गटविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात चौकशी करा.

काम चालू झाल्यावर

परवानगी साधारण एक वर्षाची असते, त्यात काम सुरू झालं पाहिजे, लांबलं तर संपायच्या आधी नूतनीकरण. मंजूर नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून साईटवर ठेवा. जोता झाला की वर जायच्या आधी जोता तपासणी करून घ्या, आखणी सरकली असेल तर तेव्हाच कळतं, आणि बँक पण पुढचा हप्ता द्यायला तोच कागद मागते. मध्येच "एक खोली वाढवू" असं झालं की सुधारित नकाशा द्यावा लागतो, आमच्या आईला स्वयंपाकघराला लागून ओटा हवा होता, तो आम्ही आधी नकाशात घातला आणि मग बांधला, तीन आठवडे गेले, पण पुढं त्रास झाला नाही. मुरूम, माती, वाळू येईल तेव्हा रॉयल्टीची पावती ट्रॅक्टरवाल्याकडून घेऊन ठेवा, तलाठी विचारतात.

घर झालं की इंजिनिअरचा पूर्णत्वाचा दाखला आणि त्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला वापरायची मंजुरी. गावाकडं हे नव्वद टक्के लोक काढतच नाहीत असं मला तरी दिसतं, वास्तुशांत झाली की फाईल ट्रंकेत. पण पुढं घर विकायचं, गहाण ठेवायचं, वरचा मजला चढवायचा म्हटलं की हाच कागद पहिला मागतात.

मग ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद. आकारणी करायला कर्मचारी येतो, मापं घेतो, त्याच्याबरोबर उभं राहून मापं बघा, पत्र्याची शेड आणि आरसीसी वेगवेगळं लिहिलंय ना ते बघा. नोंदीच्या अर्जात घर दोघांच्या नावे करा, नवरा-बायको दोघांच्या. आम्ही आई-वडील दोघांची नावं दिली होती, उतारा आला तर आईच्या नावात काना राहिला होता, त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि महावितरणच्या मीटरचा अर्ज दुरुस्त उतारा हातात आल्यावरच भरला, म्हणजे बिलावर, उताऱ्यावर आणि आधारवर नाव एकसारखं आलं.